लांबची फणी

अक्का, तुमच्या तेराव्याला मी दोनदा जेवले. पहिल्या पंगतीत बसले, मग वाढायला उभी राहिले, आणि शेवटच्या पंगतीत कुणीतरी पान मांडलं तर पुन्हा बसले. आपण जेवलोय हे वरणभाताचा दुसरा घास घेताना आठवलं. तशीच जेवत राहिले. समोरच्या बायका बघत होत्या. थोरली जाऊ गेली, हिच्या डोळ्यांत टिपूस नाही, आणि वर भूक बघा हिची, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. त्यांचं काही चुकलं नाही. मला अजूनही रडू आलेलं नाही. दात काढताना गाल बधिर होतो तसं झालंय. हात लावला की कळतं गाल आहे, पण आपला वाटत नाही.

दवाखान्यात कधी नेलं, डॉक्टर काय म्हणाले, कोण वेळेवर पोचलं आणि कोण नाही, हे मी तुमच्या माहेरच्यांना फोनवर इतक्यांदा सांगितलंय की आता पाढ्यासारखं पाठ झालंय. ते इथे लिहीत नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली होती, चौदा वर्षं राहिली होती, ती लिहिते. गोष्ट डोंगरातली आहे, पण सुरुवात तुमच्या खालच्या शेतातून करावी लागेल.

त्या शेतात केळी येणार नाही असं सगळ्यांचं मत होतं. मोठे भाऊजी तर म्हणायचे, तिथं केळी आली तर मी मिशी काढीन. तुम्ही मजूर लावले, रोपं आणली, पाण्याची पाळी स्वतः सांभाळली, आणि पुढच्या वर्षी बाग उभी केली. भाऊजींनी मिशी काढली नाही. तुम्हीही कधी मागितली नाहीत. फक्त पहिला घड कापायची वेळ आली तेव्हा म्हणालात, "हा घड माझा."

पहिला घड विकायचा नाही, हे तर आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मजुरांना द्यायचा, शेजारी वाटायचा, देवापुढे ठेवायचा, आणि त्यातली एक फणी तापीला. पण त्याच आठवड्यात माझ्या शाळेत एक कागद आला होता. बाजार खुला झाल्याची सगळीकडे हवा होती, बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागत होत्या, आणि शिक्षकांनाही जग दाखवावं असं वरच्या कुणाला तरी वाटलं असावं. हिमाचलातल्या एका राष्ट्रीय उद्यानात पायी सहल, वाटाड्या सोबत, पाच दिवस चाल, चौथ्या दिवशी हिमनदी. शिक्षकाबरोबर घरातलं एक माणूस चालेल. यांनी गुडघ्याकडे बोट दाखवून अंग काढून घेतलं. मी गावी येऊन ओट्यावर बसून हे सांगत होते, तर तुम्ही भाकरी थापता थापता म्हणालात, "मग मी येती."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. तुम्ही बुऱ्हाणपूरच्या पलीकडे एकदा खंडव्याला आणि एकदा शिर्डीला गेला होतात, बस.

"हसायला काय झालं? पायानंच जायचं ना? पाय तर आहे मला."

फॉर्म मी भरला. आजाराच्या रकान्याशी थांबले. तुम्हाला हिवाळ्यात दम लागायचा, गोळ्या चालू होत्या. तुम्ही म्हणालात, "लिही, काही नाही." मी लिहिलं, काही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि निघायच्या दिवशी सकाळी तुम्ही ती फणी घेऊन आलात. लुगड्याच्या जुन्या धडप्यात गुंडाळलेली. मी म्हटलं, अक्का, तापी तर इथंच वाहते, ही कुठे नेताय? तर तुम्ही केळ्याच्या अंगावरून अंगठा फिरवून दाखवलात. अंतर बघून केळी कापणं हा तुमचा मान होता. व्यापारी माणूस पाठवून तुम्हाला विचारायचे. जवळच्या बाजारासाठी भरलेला, गोल झालेला घड. लांबच्यासाठी थोडा आधीचा, केळ्याच्या अंगावरच्या धारा अजून उभ्या असलेला, म्हणजे ट्रक दिल्लीला पोचला तरी माल हिरवा राहील. ही फणी तुम्ही सात दिवसांची कापली होती. रेल्वे, बस, चाल, सगळं मोजून. ज्या दिवशी हिमनदीपाशी पोचू त्या दिवशी पिवळी.

"नदीला तर सगळेच देतेत," तुम्ही म्हणालात. "मी पाण्याच्या माहेरी देणार."

इथून आपला वाद सुरू झाला, आणि तो काही मिटला नाही. मी वीस वर्षं भूगोल शिकवत होते. रेल्वेच्या डब्यात तुम्हाला समजावलं की तापी मुलताईला उगम पावते, तिचा बर्फाशी काडीचा संबंध नाही, हिमनदीचं पाणी तिकडच्या नद्यांना जातं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग शेजारच्या पंजाबी बाईला शेंगदाण्याचा लाडू दिलात आणि मला म्हणालात, "तापी सूर्याची लेक ना?"

"ते पुराणात."

"बरं. आणि तिथलं बर्फ कोण पातळ करतं? सूर्यच ना? मग बहिणी लागल्या की दोघी. एका बापाच्या. मास्तरीण झाली म्हणून नदीचे सोयरेबी तूच ठरवशील का?"

 त्यानंतर दरवर्षी पाचवीच्या वर्गात नद्या शिकवताना मी मुलताई म्हणायचे आणि मनात तुम्ही खोकायचात.

डोंगरात मात्र तुमचा हिशेब चुकला. साऱ्या खोऱ्यात केळ्याचा दिवस चुकवला नाही असं माणूस तुम्ही, पण तुमचा सगळा हिशेब आपल्या उन्हाचा होता. दुसऱ्या मुक्कामाला फणी जशीच्या तशी हिरवी. अंगावर राखाडी झाक यायला लागली होती. तुम्ही ती स्वेटरमध्ये गुंडाळली, मग ती झोपायच्या पिशवीत स्वतःच्या पोटाशी घेऊन झोपायला लागलात. सकाळी प्रेमसिंग, आपला वाटाड्या, चहा घेऊन आला आणि पिशवीचा फुगवटा बघून म्हणाला, "माताजी, अंदर बच्चा है क्या?"

"बच्चाच समझो," तुम्ही म्हणालात. "पकता नहीं ना, क्या करूं?"

तो इतका हसला की चहा सांडला. त्या दिवसापासून तुम्ही त्याच्या लाडक्या. आणि तुम्ही चालायचात काय, अक्का! लुगड्याचा काचा मारून, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर माझी लोकरी टोपी. आयुष्यभर डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून चाललेलं माणूस. बारा शिक्षक मागे धापा टाकतायत आणि तुम्ही प्रेमसिंगच्या पाठोपाठ. तो सगळ्यांना ओरडून सांगायचा, "देखो, माताजी तो पहाड़ी निकलीं!" देवदारांच्या सावलीत तुम्ही दगडावर बसून माझी वाट बघायचात. मी पोचले की उठायचात. म्हणजे तुमची विश्रांती व्हायची आणि माझी नाही.

तुम्हाला दम लागत होता का? लागत होता. तिसऱ्या दिवशी चढावर दोनदा छातीवर हात ठेवलेला मी पाहिला. गोळी घेतलेलीही पाहिली. पण दम मलाही लागत होता, सगळ्यांनाच लागत होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटच्या तळावर, खच्चरांची ओझी उतरत असताना, मी प्रेमसिंगला बाजूला घेतलं आणि सांगितलं की माझ्या जावेला दमा आहे, फॉर्मवर लिहिलेलं नाही.

हेच सांगायचं होतं.

मला काळजी होती. हे मी स्वतःला चौदा वर्षं सांगितलं आणि ते खोटंही नाही. तुम्हाला तिथे काही झालं असतं तर मी गावात कुठल्या तोंडानं आले असते? पण नुसती काळजीच असती तर मी फॉर्म भरतानाच सांगितलं असतं. मला तुमचा हेवा वाटला, अक्का. लग्न होऊन आले तेव्हापासून घरात सगळं तुम्हाला येत होतं. पापड तुमचे, बाळंतपणं तुमची, शेत तुमचं, सासूबाईंनी शेवटी हाक मारली तीही तुम्हाला. मला एक भूगोल येत होता. वीस वर्षं फळ्यावर पांढऱ्या खडूनं हिमनदी काढलेली बाई मी, आणि तिथेही तुम्ही माझ्या पुढे चालत होतात. एकदा, एकाच ठिकाणी, मला आधी पोचायचं होतं. इतकी लहान गोष्ट आहे ही. लिहिताना आणखी लहान दिसते.

सकाळी प्रेमसिंग तुमच्यापुढे उकिडवा बसला. "माताजी, ऊपर हवा पतली है. मैं जिम्मेदारी नहीं ले सकता." तुम्ही हुज्जत घालाल, रागावाल असं मला वाटलं होतं. तुम्ही बूट बांधत होतात. नाडी हातातच राहिली. मग म्हणालात, "फणी तर जाईल ना?"

आणि ती माझ्या हातात दिलीत. "नीट पोचव, सुनंदा."

हिमनदी पांढरी नव्हती. तुम्हाला मी हे तेव्हाही सांगितलं. चुलीतली राख पावसात भिजावी तसा तो दगडमातीनं मळलेला ढीग, खालच्या फटीतून गढूळ पाणी सुटलेलं. शिक्षक फोटो काढत होते. मी फणी बाहेर काढली, तर प्रेमसिंग धावत आला. "नहीं मैडम, यहां कुछ नहीं छोड़ना. नेशनल पार्क है. छिलका भी नहीं." मी म्हटलं, पूजेचं आहे. तो म्हणाला, हात जोडा आणि परत न्या. नियम बरोबरच होता, मीच वर्गात शिकवलेला. मी हात जोडले आणि फणी पिशवीत घातली.

तळ दिसायला लागला तेव्हा तुम्हीही दिसलात. तंबूबाहेर बसला होतात, वाटेकडे तोंड करून. तुम्हाला सांगायचं होतं की नाही दिलं, देऊ दिलं नाही. तेवढं सोपं वाक्य होतं. पण सकाळी एकदा तुम्हाला अडवलं होतं, संध्याकाळी पुन्हा तुमच्या हातात ती हिरवी फणी कशी परत द्यायची? ओढ्याकाठी एक खच्चर चरत होतं. मी फणी त्याच्यापुढे धरली. त्यानं सालासकट, देठासकट खाल्ली, फार वेळ लागला नाही.

"दिली?" तुम्ही विचारलंत.

"दिली."

"कसं होतं?"

"काही नाही हो, राखेचा ढीग. पांढरंसुद्धा नव्हतं."

तुम्ही हसलात. "मग बरं झालं. माझी फणी तरी हिरवी होती."

दुसऱ्या दिवशी उतरताना तुम्ही पहिल्यांदाच माझ्या मागे चाललात. मला वाटलं उतारावर गुडघे दुखत असतील. मी दोनदा थांबून विचारलं. तुम्ही म्हणालात, "चाल तू. मी आहे मागे."

घरी आल्यावर तुम्ही गावभर प्रेमसिंगच्या गोष्टी सांगितल्यात, खच्चरांच्या, झोपायच्या पिशवीच्या. हिमनदीबद्दल कुणी विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायचात, "तिला विचारा, ती गेलती." मी मग भूगोल सांगायचे.

पुढच्या वर्षीपासून खालच्या शेताच्या पहिल्या घडाची फणी तुम्ही माझ्याकडे द्यायला लागलात. मी बुऱ्हाणपुरात लोधीपुऱ्यात राहणारी, तापीचा राजघाट मला जवळ, म्हणून असेल असं मी धरून चालले. तुम्ही स्वतः बसनं यायचात, स्टँडवर उतरायचात, धडप्यात गुंडाळलेली फणी माझ्या हातात द्यायचात आणि तेच तीन शब्द म्हणायचात. नीट पोचव, सुनंदा. चहा प्यायचात आणि परतीची बस धरायचात. मला त्या तीन शब्दांचा धाक वाटायचा. कधी वाटायचं, अक्कांना कळलंय. मग तुम्ही चहात खारी बुडवून खाताना दिसायचात आणि वाटायचं, छे.

आणि दरवर्षी मी तुमच्याशी भांडायचे, कारण फणी दरवर्षी कच्ची. ऑटोनं पंधरा मिनिटांवर घाट, आणि केळ्याच्या धारा हाताला लागतायत. "अक्का, अख्ख्या खोऱ्याला तुम्ही केळी कापायला शिकवता, आणि नदीला हे असं?"

"पोचेपर्यंत भरेल," तुम्ही म्हणायचात.

मी ते तुमचं म्हातारपण समजले. यांना म्हटलंही, अक्काचा हात आता बसत नाही.

गेल्या मंगळवारी वर्षा आली. तुमची सून तुमच्यासारखीच आहे, दारातूनच बोलायला लागते. सुतक फिटलं, खालच्या शेताचा पहिला घड कापला, ही तुमची फणी, काकू. मी फणी हातात घेतली आणि सवयीनं म्हणून गेले, "अगं, ही कच्ची आहे. आता अक्काही नाहीत, जरा भरलेली कापायची."

"अशी कशी? अक्कानं बोलून ठेवलेलं ना. काकूची फणी लांबची काप. सात दिवसाची. बाकी घड कसाबी काप म्हणे."

"का?"

 वर्षाला हसू आलं. "आता सांगायला काय हरकत. ते खच्चरवाल्याचं."

अक्का, तुमच्या सगळ्या घराला माहीत होतं. मी तंबूत बूट काढत होते तेवढ्यात तो खच्चरवाला तुमच्यापाशी येऊन हात जोडून गेला होता. माताजी, आपके केले मेरे खच्चर ने बड़े शौक से खाए, भगवान आपका भला करे. तुम्ही ही गोष्ट दर दिवाळीला पोरांना सांगायचात, खच्चराची मान करून दाखवायचात, आणि वर्षा म्हणते, हसून हसून तुम्हाला दम लागायचा. फक्त मी आले की विषय बंद. कुणी काकूला बोलायचं नाही, अशी तंबी होती.

"रागात नाही बोलायच्या हो," वर्षा म्हणाली. "म्हणायच्या, तिला एक डाव पोचवायची आहे. जाईल ती. मास्तरीण आहे, तिला रस्ता मालूम आहे. तोवर लांबची कापत जा."

तेरा वर्षं तुम्ही मला हिमालयाच्या अंतराची केळी देत होतात आणि मी ती पंधरा मिनिटांवरच्या घाटावर सोडून येत होते. अंतर बघून कापलेली फणी मला ओळखता आली नाही. तुमच्याबरोबर सात दिवस ती वाहून नेलेली होती, तरी.

मी वर्षाला विचारलं, "अजून काही बोलायच्या का? त्या सहलीचं? प्रेमसिंगचं?"

"नाही. एवढंच. का हो?"

"काही नाही," मी म्हटलं.

म्हणजे मी प्रेमसिंगला सांगितलेलं तुम्हाला माहीत नव्हतं. नाहीतर माहीत होतं, आणि त्याचा किस्सा होत नव्हता. खच्चराचं तुम्ही हसण्यावारी नेलंत, ते मला मिळालं, त्यासाठी मी तुमची ऋणी आहे. पण ते धाकटं होतं. थोरलं मी सांगितलंच नाही, तर तुम्ही माफ तरी कशाला करणार होतात? तुम्ही वर जाऊ शकला असतात, अक्का. माझ्यापेक्षा आधी पोचला असतात. तुमचा दम शेवटपर्यंत टिकला. डॉक्टर म्हणाले, छाती साफ होती, गेलं ते हृदय. हे ऐकलं तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते आणि मला प्रेमसिंग आठवला, उकिडवा बसलेला, आणि तुमच्या हातातली बुटाची नाडी. तेव्हापासून हे बधिरपण आहे. ते जायला नको असंही वाटतं, कारण ते गेल्यावर काय आहे ते मला माहीत आहे.

फणी स्वयंपाकघरात कट्ट्यावर ठेवली आहे. यांनी रोज विचारलं, घाटावर कधी जायचं, ऑटो बोलावू का? मी उद्या म्हटलं. काल कपाटातली जुनी पिशवी काढून ठेवली, लोकरी टोपी सापडली, तिला अजून तुमच्या तेलाचा वास आहे.  रेल्वेचं वेळापत्रक मागवून घेतलं. ते टेबलावर तसंच आहे, उघडलेलं नाही. माझं वय आता अठ्ठावन्न, तुम्ही डोंगरात गेला होतात तेव्हा पन्नासच्या होतात. आणि वर नेली तरी तिथे ठेवू देणार नाहीतच, हात जोडून परत आणावी लागेल. पण या वेळी परत आणली असं खरं सांगता येईल, एवढंच. सांगायला तुम्ही नाही आहात.

आज सातवा दिवस. तुमचा हिशेब बरोबर निघाला. फणी सगळी पिवळी झाली आहे, घरभर वास सुटलाय, आणि मी अजून लोधीपुऱ्यातच आहे.